‘बरी आहे, एकदा वाचायला हरकत नाही’ याच्या पुढे काय लिहायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोथरूडमधल्या एका सोसायटीत आठ जणांचा वाचक गट आहे. महिन्याला दोन कादंबऱ्या ग्रंथालयातून आणायच्या, शेवटच्या शनिवारी जमायचं आणि गटाच्या वहीत प्रत्येकाने अर्धं पान लिहायचं. प्रश्न विचारणाऱ्या बाई म्हणतात, दहातल्या सात-आठ कादंबऱ्यांबद्दल हातून एकच वाक्य उतरतं: ‘बरी आहे, एकदा वाचायला हरकत नाही.’ वही चाळली तर सगळ्या नोंदी सारख्याच दिसतात. मी समीक्षक नाही, मग प्रामाणिक मत म्हणजे नेमकं काय लिहू? शिवाय दोन उपप्रश्न आहेत. अर्धवट सोडलेल्या कादंबरीवर मत देता येतं का? आणि लेखक ओळखीचा असेल तर काय करायचं?

समीक्षक नाही म्हणून अडून बसू नका. समीक्षकाला कादंबरी कुठल्या परंपरेत बसते, तिने नवं काय केलं, हे सांगावं लागतं. तुम्हाला फक्त वाचताना काय झालं ते सांगायचंय. मात्र ते नेमकं सांगायला हवं, आणि त्यासाठी पानाचा आकडा लागतो. ‘मध्ये जरा रेंगाळते’ याला मत म्हणता येत नाही. ‘पान ११० ते १७० वाचायला चार दिवस लागले, रोज पुस्तक हातात घेऊन मोबाइल बघत बसले’ हे मत झालं. ते खोटं ठरवता येत नाही, आणि ऐकणाऱ्याला त्याचा उपयोगही होतो.

फार चांगल्या आणि फार वाईट कादंबरीवर लिहिणं सोपं असतं, शब्द आपोआप येतात. खरी परीक्षा मधल्या कादंबऱ्यांची, कारण ‘बरी’ या एका शब्दाखाली निदान तीन निरनिराळ्या जातीची पुस्तकं झाकली जातात. एक, विषय दमदार पण बांधणी सैल. दुसरी, बांधणी चोख, एकही धागा लोंबत नाही, पण पुस्तक मिटलं की आठवड्यात सगळं पुसलं जातं. तिसरी, अर्धी खरोखर चांगली आणि अर्धी उरकलेली. पहिली त्या विषयाची आवड असलेल्याला आवर्जून द्यावी. दुसरी प्रवासात किंवा दवाखान्यात बाकावर बसून वाचायला उत्तम. तिसरीबद्दल ‘अमुक पानापर्यंत वाचा’ असं सांगता येतं. तिघींनाही ‘बरी’ म्हटलं की ज्याला जी हवी ती मिळत नाही. तेव्हा आधी आपली ‘बरी’ यातली कुठली, ते ठरवा. अर्धं काम तिथेच होतं.

आता हे ठरवायचं कसं. पुस्तक ग्रंथालयाचं आहे म्हणजे आत पेन्सिल चालवायची नाही (पुण्यातल्या जुन्या प्रती पाहिल्या तर हा नियम कुणी पाळलेला दिसत नाही, समासात ‘चूक!’, ‘मग काय झालं?’, ‘हे आधी आलंय’ असे शेरे असतात आणि कधीकधी ते मलपृष्ठावरच्या मजकुरापेक्षा खरे असतात). वाणसामानाच्या यादीचे कोरे मागचे भाग असतात, त्यांच्या दोन बोटं रुंदीच्या पट्ट्या फाडा. चार पुरतात. पहिली पान ३० ला, दुसरी एक तृतीयांशावर, तिसरी दोन तृतीयांशावर, चौथी शेवटाच्या २० पानं आधी. वाचायला सुरुवात करण्याआधीच त्या जागच्या जागी घालून ठेवा. चिठ्ठी आली की थांबायचं आणि तिच्यावर दोनच ओळी लिहायच्या: पुढे काय होईलसं वाटतंय, आणि इथवर काय आवडलं किंवा खटकलं. पूर्ण वाचून झाल्यावर लिहायला बसलं तर शेवट आधीच्या सगळ्या पुस्तकावर रंग फासतो. शेवट रडवणारा असला की मधली सुस्त ७० पानं माफ होतात, शेवट फसला की सुरुवातीची सुरेख ६० पानं विसरली जातात. चिठ्ठ्या असल्या की त्या वेळचं मत त्या वेळच्या अक्षरात शिल्लक राहतं.

वेळेचा अंदाज हवा असेल तर डेमी, म्हणजे कादंबरीच्या नेहमीच्या, आकाराच्या पुस्तकात एका पानावर साधारण अडीचशे ते तीनशे शब्द बसतात, आणि रोज वाचणाऱ्या माणसाला पानाला दीड ते दोन मिनिटं लागतात. २८८ पानांची कादंबरी सव्वासात ते साडेनऊ तासांत होते. याहून फार जास्त वेळ लागला तर ती लेखकाची चूक असेलच असं नाही. आधी टाइप आणि बांधणी बघा. बारीक टाइप, पाठीला नुसता गोंद लावून चिकटवलेलं पुस्तक जे दोन्ही हातांनी दाबून धरल्याशिवाय उघडत नाही, पलीकडची छपाई दिसणारा पातळ कागद, या गोष्टींनी वाचक दमतो आणि खापर फुटतं कथेवर. मुद्रणदोषांचंही तसंच. ‘आणी’, ‘परिक्षा’, मध्येच उडालेला अनुस्वार हे खटकतं, तसं नोंदवा, पण वेगळ्या ओळीत आणि प्रकाशकाच्या खात्यावर.

मधल्या कादंबऱ्या कुठे आणि का बिघडतात

पहिली जागा सुरुवातीची ३० पानं. तिथे पात्रांची नावं मोजा. दहा-बाराच्या पुढे गेली आणि त्यातली निम्मी नाती समजावण्यापुरतीच आली, तर लेखकाने आपली तयारी पानांवर ओतली आहे. असं होतं, कारण लिहिणाऱ्याला ते घराणं पाठ झालेलं असतं आणि वाचक गोंधळेल ही भीती असते. त्यातून मग असे संवाद येतात. हा नमुना इथे बनवलेला आहे, पण असे शेकड्यांनी सापडतील:

‘दादा, बाबांना जाऊन आता तीन वर्षं झाली आणि तुला माहीतच आहे की वाड्याचे कागद आईच्या नावावर आहेत आणि धाकट्या काकांनी १९८६ सालीच हक्कसोडपत्र करून दिलंय.’

दादाला हे सगळं माहीत आहे, तो त्याच वाड्यात राहतो. हे वाक्य दादासाठी नाही, आपल्यासाठी आहे, आणि ते लगेच कळतं. ‘तुला माहीतच आहे’ हे शब्द दिसले की समजावं, लेखक वाचकाशी बोलतोय. तीच माहिती अशीही देता येते:

‘काकांचं हक्कसोडपत्र?’
‘आहे. आईच्या सहीचं काय?’
‘ती विचारते, तुझे बाबा असते तर विचारलं असतंत का.’

तिघांची जागा कळली, आई अडून बसली आहे हे कळलं, वडील नाहीत हेही कळलं. साल कळलं नाही, पण सालाचं इथे अडलंय कुणाला? वहीत लिहिताना असं एखादं मूळ वाक्य उतरवा आणि खाली लिहा की इथे संवाद वाचकाला माहिती पुरवतोय. ‘संवाद कृत्रिम आहेत’ या शेऱ्यापेक्षा ते कितीतरी पटीने जास्त सांगतं.

संवादांची आणखी एक परीक्षा आहे. एखादं पान निवडा आणि कोण बोलतंय ते सांगणारे शब्द बोटाने झाका. बोलणाऱ्यांची भाषा एकमेकांपासून वेगळी ओळखू येते का? मधल्या दर्जाच्या शहरी कादंबरीत आजोबा, नातू, वकील आणि दूधवाला सगळे लेखकाच्याच मराठीत बोलतात. आणि शहराबाहेरचं पात्र आलं की उलटा दोष: तो कुठलाही असो, ‘व्हय’ आणि ‘न्हाई’ म्हणतो. अकोल्याचा माणूस ‘काऊन’ म्हणेल, मालवणचा ‘खंय’ विचारेल. सगळ्यांना एकच ठोकळेबाज ग्रामीण बोली देणं हा कानाचा आळस आहे. तुमच्या गटात आठांपैकी दोघं-तिघं तरी वेगवेगळ्या जिल्ह्यांतून पुण्यात आलेले असतील. त्यांना ते पान मोठ्याने वाचायला सांगा. दोन मिनिटांत निकाल लागेल.

सगळ्यात मोठी बिघडण्याची जागा मधली. २८८ पानांच्या पुस्तकात साधारण ११० पासून १८० पर्यंत. तिथे कंटाळा आला असं नुसतं म्हणू नका, का आला ते शोधा; त्यासाठी एक सोपी चाचणी आहे. ज्या प्रकरणात झोप आली ते मनातल्या मनात काढून टाका आणि पुढचं प्रकरण वाचा. पुढच्या प्रकरणातलं एकही वाक्य अडलं नाही, कुणाचं मत बदललेलं नाही, कुणाला काही नवं कळलेलं नाही, तर ते प्रकरण भरीचं आहे. कोकणातली सहल, कॉलेजच्या मित्रांचं संमेलन, चुलतबहिणीचं लग्न ही भरीची ठरावीक ठिकाणं. संमेलनात आलेला मित्र दहा पानं गप्पा मारून जातो आणि परत कधी दिसत नाही. उलट, प्रकरण संथ आहे पण काढलं तर पुढचं भांडण समजत नाही, अशा वेळी तो संथपणा लेखकाने मुद्दाम ठेवला आहे. कंटाळा तुमच्या त्या दिवसाचा असू शकतो.

भर का पडते? बहुतेक वेळा विषय दीर्घकथेचा असतो. मराठीत या लांबीच्या गोंधळाला जुना इतिहास आहे. कादंबरीकार हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली पुण्यात ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केलं आणि कादंबऱ्या त्यात क्रमशः छापल्या. दर आठवड्याला वाचकाला काहीतरी द्यायचं म्हटलं की प्रकरणाची चण वेगळी होते. पुढे १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ मासिकाने दिवाळी अंकाची प्रथा पाडली आणि अंकात बसेल एवढ्या लांबीचं लेखन रुळलं. अंकात ५० पानांत घट्ट बसलेली गोष्ट पुस्तक करताना १८० पानांवर नेली की जोड दिसतो. पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानांवर, मनोगतात किंवा श्रेयनोंदीत, ‘पूर्वप्रसिद्धी अमुक दिवाळी अंक’ असा उल्लेख आहे का ते बघा. असेल आणि मध्य ढिला असेल तर दोन आणि दोन चार करायला हरकत नाही. मात्र नोंदीत ‘वाढवल्यासारखी वाटते’ एवढंच लिहा. लेखकाच्या मनात काय होतं ते आपण पाहिलेलं नाही.

शेवटाच्या दोषाला मराठीत नेमका शब्द आहेच, ‘गुंडाळली’. तो वापरण्याआधी काळ मोजा. पहिल्या २६० पानांत कथेतले किती महिने गेले आणि शेवटच्या २८ पानांत किती? आधी चार महिने आणि मग एकदम सहा वर्षं, त्यात एक हृदयविकाराचा झटका, एक अमेरिकेचं विमान आणि कपाटात सापडलेलं एक पत्र असेल, तर गुंडाळली म्हणायला तुमच्याकडे पुरावा आहे. ते पत्र विशेष बघा. मेलेल्या माणसाने सगळ्या प्रश्नांची उत्तरं तीन पानांत लिहून ठेवलेली असतात. जिवंतपणी जे बोलणं अवघड होतं म्हणून कादंबरी उभी राहिली, ते कागदावर एवढ्या सहज उतरतं, याचा अर्थ लेखकाने अवघड प्रसंग टाळला.

तपशिलाच्या चुका पुणेकर वाचकाला फार सापडतात, आणि सापडल्या की त्याला पुस्तकाचं दुसरं काही दिसेनासं होतं. इथे तारतम्य हवं. १९२५ सालचं पात्र डेक्कन क्वीनने मुंबईला गेलं तर चूक खरी, गाडी १९३० च्या जूनमध्ये सुरू झाली; पण गाडीचं नाव खोडलं तर प्रसंग तसाच उभा राहतो, म्हणून ती एका ओळीची चूक. १९४० साली फर्ग्युसनमधून पदवी घेतलेल्या नायकाला पुणे विद्यापीठाचं प्रमाणपत्र दिलं तर तेही तसंच. विद्यापीठ १९४९ चं, त्याआधीची पदवी मुंबई विद्यापीठाची. पण पानशेतच्या पुराची रात्र कल्पून, अंधारात गाफील झोपलेल्या घरात पाणी शिरतं आणि त्या अंधारामुळेच दोघांची ताटातूट होते, अशावर कथा उभी असेल तर मात्र पाया खचला. धरण १२ जुलै १९६१ च्या सकाळी फुटलं आणि शहरात पाणी दिवसाउजेडी आलं. चूक काढून टाकल्यावर कथा उभी राहते का, एवढंच विचारा. राहत असेल तर नोंदीच्या शेवटी एक ओळ, नसेल तर सुरुवातीलाच.

ऐतिहासिक कादंबऱ्यांबद्दल एवढंच की विषयाचं मोठेपण आणि पुस्तकाचं मोठेपण वेगळं धरा. गडावरचा प्रसंग वाचून ऊर भरून आला, तर तो त्या प्रसंगाच्या आठवणीने की इथल्या लिहिण्याने? रहस्यकथेत पहिल्या चतुर्थांशापलीकडचं काही सांगू नका. आणि अनुवादित कादंबरीत भाषा खडबडीत वाटली तर मूळ लेखकाला बोल लावू नका. ‘त्याने खांदे उडवले’ असं वाक्य दर दोन पानांनी आलं की काम कुठे कच्चं राहिलं ते उघड आहे.

चांगलं कुठे शोधायचं

दोष काढणं सोपं जातं, म्हणून हा भाग मुद्दाम लिहितोय. मधल्या कादंबरीत चांगलं असतंच, पण ते बहुधा मधोमध नसतं. दुय्यम पात्रांकडे बघा. नायकाच्या खांद्यावर लेखकाने आपला विषय, आपला संदेश, कधी स्वतःची बाजू ठेवलेली असते. तो बिचारा वाकून चालतो. शेजारच्या खोलीतली भाडेकरू, एसटीतला कंडक्टर, कोर्टातला कारकून यांच्यावर असलं ओझं नसतं, म्हणून ते मोकळे वागतात आणि लक्षात राहतात. वाचून झाल्यावर आठवड्याने, पुस्तक न उघडता, किती नावं आठवतात ते कागदावर लिहा. नायिकेचं नाव आठवत नाही आणि मेसवाल्या काकूंचं आठवतं, असं झालं तर ते पुस्तकाबद्दलचं फार मोलाचं निरीक्षण आहे. ते जसंच्या तसं वहीत जाऊ द्या.

दुसरं, कामाचे तपशील. बँकेतली दिवसअखेरची कॅश कशी जुळवतात, गुऱ्हाळात रस कधी उतरवतात, सोसायटीच्या वार्षिक सभेत गणपूर्ती नसली तर अर्धा तास थांबून काय करतात, असल्या गोष्टी ज्याला माहीत आहेत अशा लेखकाची साधारण कादंबरीही वाया जात नाही. ती पानं नावानिशी सांगा. मधल्या कादंबरीचे खरे गिऱ्हाईक असे असतात, ज्यांना कथेपेक्षा ते जग बघायचंय.

तिसरं, एखादा प्रसंग. बहुतेक साधारण कादंबऱ्यांत पाच-सहा पानांचा एक प्रसंग असा असतो जो बाकीच्या पुस्तकाच्या वरचा आहे. तो ओळखायची खूण अशी की तिथे वाचायचा वेग आपोआप कमी होतो आणि विशेषणं दिसेनाशी होतात. तो प्रसंग कशामुळे जमला हे दोन वाक्यांत लिहिता आलं, तर बाकीचं का जमलं नाही तेही तुम्हाला कळलेलं असेल.

ग्रंथालयाची प्रत स्वतःच काही सांगते. पुण्यात १८४८ पासूनचं पुणे नगर वाचन मंदिर आहे, १९११ पासूनचं पुणे मराठी ग्रंथालय आहे. अशा ठिकाणच्या जुन्या, भरपूर हाताळलेल्या प्रतीची पानांची कड आडवी धरून उजेडात बघा. पहिल्या शंभर पानांची कड मळकी आणि पुढची पांढरी असेल तर लोकांनी कुठे सोडलं ते समोर आहे. मध्येच एखादा पट्टा मळका असेल तर तिथे काय आहे हे तुम्ही ओळखलंच असेल. मागच्या तारखांच्या पट्टीवर मात्र भिस्त ठेवू नका. सुरुवातीच्या दोन वर्षांत शिक्के दाट आणि नंतर शुकशुकाट, हे बऱ्यावाईट सगळ्याच नव्या पुस्तकांचं होतं.

नोंद लिहिताना

काही शब्द वहीतून हद्दपार करा: वाचनीय, संग्राह्य, ओघवती शैली, चित्रदर्शी, मनाचा ठाव घेणारी, अंतर्मुख करणारी. प्रकाशन समारंभात हे शब्द शोभतात, तिथे शाल-श्रीफळाबरोबर द्यायला काहीतरी लागतंच. वहीत त्यांच्या जागी प्रश्नाचं उत्तर लिहा. ‘ओघवती’ सुचलं तर: एका बैठकीत जास्तीत जास्त किती पानं झाली? ‘अंतर्मुख करणारी’ सुचलं तर: कुठला विचार, किती वेळ टिकला? उत्तर ‘आठवत नाही’ असेल तर तेच खरं मत.

तारे किंवा दहापैकी गुणही नकोत. आठ जणांच्या गटात सगळे सहा ते सात देतात आणि हात झटकून मोकळे होतात. गुणांऐवजी शेवटची ओळ ‘कुणाला द्यावी’ अशी ठेवा. उत्तर जितकं बारीक तितकं चांगलं. ‘ज्यांच्या घरात पुनर्विकासाची बोलणी चालू आहेत त्यांना, आई-वडिलांना एकत्र वाचायला देऊ नये’ इतकं बारीक.

समजा, मघाच्या नमुन्यातल्या त्या वाड्याचीच २८८ पानांची कादंबरी आहे. नेहमीची नोंद अशी होईल: ‘विषय चांगला आहे. लेखनशैली ओघवती. मध्ये थोडी रेंगाळते पण शेवट हृदयस्पर्शी. एकदा वाचायला हरकत नाही.’ आता हीच कादंबरी चिठ्ठ्या घालून वाचलेल्याची नोंद:

‘नारायण पेठेतल्या वाड्याच्या पुनर्विकासावरून दोन भावांत पडलेली फूट. दहा दिवस लागले. त्यातले चार पान ११२ ते १६८ मध्ये गेले. तिथे धाकटा भाऊ मित्रांबरोबर हर्णैला जातो, परत येतो, काहीच बदलत नाही. पान ३० च्या चिठ्ठीवर लिहिलं होतं की आई सही करणार नाही. तिने शेवटपर्यंत का केली नाही ते पान २०४ ते २०९ वर आहे, आणि ती सहा पानं अप्रतिम आहेत: ती बिल्डरच्या माणसाला न्हाणीघर दाखवते आणि नव्या नकाशात ते कुठे गेलं एवढंच विचारत राहते. भाऊ दोघंही कागदी. भाडेकरू जोशीबाई मात्र चालत्या-बोलत्या. शेवटी वडिलांचं पत्र सापडतं, ते नसतं तर बरं झालं असतं. विषय दमदार, बांधणी सैल. विकत घेणार नाही. वाड्यात वाढलेल्यांनी पान १ ते १११, मग १६९ पासून वाचावी.’

शब्द मोजा, शंभराच्या थोडे वर आहेत. अर्ध्या पानात बसतात. यात निंदा नाही, कौतुकाची सढळ उधळणही नाही, आणि ऐकणारा आपलं आपण ठरवू शकतो. कुणी म्हणेल, मला हर्णैचंच प्रकरण आवडलं. म्हणू दे, शनिवारच्या बैठकीला तेवढं भांडण हवंच.

नोंद कधी लिहायची? संपवल्या संपवल्या नको, आणि पंधरा दिवसांनीही नको. एक रात्र जाऊ द्या. दुसऱ्याचं मत ऐकण्याआधी मात्र लिहून झालेली हवी, नाहीतर आठ नोंदी होतात आणि मत एकच राहतं. गटात एखादे निवृत्त प्राध्यापक असतील तर हे जास्तच पाळा. त्यांनी सगळ्यांत शेवटी बोलायचं असा नियम करून टाका.

अर्धवट सोडलेली, आणि ओळखीच्या लेखकाची

सोडलेल्या कादंबरीवर मत देता येतं, पान सांगितलं की झालं. ‘पान ९२ ला सोडली’ ही नोंदीची पहिली ओळ असू द्या. ९२ पानांबद्दल काय म्हणायचं ते म्हणा. शेवटाबद्दल, एकूण रचनेबद्दल गप्प बसा. मलपृष्ठ वाचून उरलेलं रचू नका, तिथला मजकूर पुस्तक विकायला लिहिलेला असतो. सोडण्याआधी निदान ५० पानं द्यावीत, कारण पुष्कळ कादंबऱ्या दुसऱ्या-तिसऱ्या प्रकरणात वेग घेतात. ५० पानांनंतरही दोन वेळा हातात घेऊन दोन्ही वेळा पाच पानांत ठेवली गेली, तर तिसऱ्यांदा स्वतःला छळायचं कारण नाही. शेवटचं प्रकरण उघडून बघितलं असेल तर तेही प्रामाणिकपणे लिहा. ते सगळेच करतात.

ओळखीच्या लेखकाची गोष्ट नाजूक. पुण्यात दर दोन इमारतींमागे एक लेखक राहतो, आणि ‘सप्रेम भेट’ अशी सही केलेली प्रत घरी आली की ती वाचावी लागते. वहीत पहिल्याच ओळीत नातं लिहा: ‘लेखिका आमच्या इमारतीतल्या’ किंवा ‘प्रत लेखकाकडून भेट’. मग वाचणारा योग्य तेवढं मीठ घालून घेतो. मजकुरात कर्ता पुस्तकाला करा, माणसाला नको. ‘त्यांना शेवट जमला नाही’ आणि ‘पान २६० नंतर सहा वर्षं २८ पानांत जातात’ यात खोटं दोन्हीकडे नाही, पण दुसरं वाक्य जिन्यात भेट झाल्यावर तोंडावरही बोलता येतं.

आणि जिन्यात ‘कशी वाटली?’ असं विचारलं तर? नव्या लेखकाला बहुतेक वेळा परीक्षण नको असतं, आपण वाचली की नाही ते बघायचं असतं. एका प्रसंगाचं नाव घ्या, नेमकं. ‘ते न्हाणीघराचं प्रकरण अजून डोक्यात आहे.’ मग खरोखर पडलेला एखादा प्रश्न विचारा: ‘मेलेल्या वडिलांचं पत्र आधीपासून ठरलं होतं का?’ पुढचं लेखक स्वतःच सांगतो, आणि कधीकधी तुमच्या मनातलीच शंका त्याच्याही मनात असते. खोटं कौतुक मात्र करू नका. पुढच्या वर्षी दुसरी कादंबरी येते, तीही सप्रेम भेट.

वहीत प्रत्येक नोंदीखाली चार ओळी कोऱ्या सोडा, वर्षभराने पुन्हा त्याच पुस्तकाबद्दल काही सुचलं तर तारीख घालून लिहायला. आणि पुस्तक परत करण्याआधी चारही चिठ्ठ्या मोजून काढून घ्या. एक तृतीयांशावरची हमखास आत राहते, आणि पुढच्या वाचकाला तुमच्या वाणसामानाच्या यादीबरोबर तुमचं मतही मिळतं.